नोनीचा कोबी

चुलीवर कोबीचं पातेलं चढवायचं की नाही, यावरून टूमींच्या स्वयंपाकघरात दुपारपासून जुंपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मिस्सा होती, फादरांची प्रार्थनासभा. कुलनाग्रॅन वाडीतल्या घराघरांत पाळीपाळीने होणारी मिस्सा यंदा टूमींकडे आली होती, आणि ज्या घरावर ही पाळी येते त्या घराची झोप वर्षभर आधीच उडते. कॉनने भिंती रंगवल्या होत्या, कुंपण छाटलं होतं, इतकंच काय गोठ्याचं दारही निळं केलं होतं. फादर केलिहर काही गोठ्यात मिस्सा म्हणणार नव्हते, पण शेजारीपाजारी तिकडे बघितल्याशिवाय राहणार नव्हते. कॉनच्या बायकोने, गॉबनेटने, नवे पडदे शिवले होते, फरशी गुडघ्यांवर बसून घासली होती आणि न्याहारीची भांडी कपाटातून काढून पुसून ठेवली होती. एवढं सगळं झाल्यावर डब्लिनहून नणंदबाई उतरल्या होत्या, त्या कॅमेरेवाले, दिवेवाले आणि एक कोबी घेऊन.

"आपल्याकडे कोबी पिकत नाही का गं?" गॉबनेटने विचारलं. "तोसुद्धा डब्लिनहून आणलास?"

"ऑर्लाने आणलाय," डर्वला म्हणाली. "कॅमेऱ्यात चांगला दिसतो म्हणून."

"मग नटच आहे म्हणायचा. त्याला बाहेर खुर्ची देऊ का बसायला?"

ऑर्ला ही कार्यक्रमाची निर्माती. ती अंगणात कोरे करकरीत गमबूट घालून फोनवर बोलत होती, म्हणून तिला हे ऐकू गेलं नाही. डर्वलाला मात्र चांगलं लागलं. घरात तिच्याशी असं बोलण्याची हिंमत गॉबनेटखेरीज कुणाची नव्हती. बाहेर तर अख्खा देश तिला नुसत्या नावाने ओळखत होता. डर्वला म्हटलं की आडनाव सांगावं लागत नसे. तिच्या हातचं फार थोड्यांनी खाल्लं असेल, पण तिचा आवाज ऐकल्याशिवाय रविवारचा संध्याकाळचा चहा घशाखाली उतरत नाही असं म्हणणारी घरं गल्लोगल्ली होती. आणि त्या आवाजाची सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे नोनीचा कोबी. "आमची आई कोबी इतका शिजवायची," डर्वला हातातली सुरी थांबवून सांगायची, "की ताटात आला की ओळख पटवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागायचं." पहिल्याच कार्यक्रमात ती हे बोलली आणि देश हसला. मग दर हंगामात तिने त्यात भर घातली. आता कॉर्कपासून डोनेगॉलपर्यंत कुणाचीही भाजी जास्त शिजली की लोक म्हणत, हा तर नोनीचा कोबी झाला. तसं लिहिलेले भांडी पुसायचे फडकेही विकले जात होते, आणि त्यातला एक गॉबनेटने मुद्दाम दाराला, डर्वला उभी होती तिथेच, टांगून ठेवला होता.

पण डर्वलाचं किन्सेलचं हॉटेल बंद झालं, आणि रविवारची वेळ हातावर गोंदवून घेतलेल्या एका पोराने पटकावली. वाहिनीने डर्वलाला शेवटची संधी म्हणून नाताळचा एक तास देऊ केला होता. वाडीची मिस्सा, नंतरची न्याहारी, आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर खुद्द नोनी कोबी शिजवते आहे, अशी सुरुवात. तो तास चालला तर नवी मालिका. नाही चालला तर फुलांचा गुच्छ आणि आभार. अठ्ठावन्नाव्या वर्षी फुलं घेऊन घरी बसायची डर्वलाची तयारी नव्हती.

"चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आहे ती," गॉबनेट म्हणाली. "मिस्सेच्या दिवशी, तिच्याच घरात, सगळ्या वाडीसमोर तिचं हसं करणार तू? आजवर निदान लांबून करत होतीस."

"तिला कधी वाईट वाटलं नाही त्याचं. तीही हसते."

"तू विचारलंस कधी?"

"तू तिची सून आहेस गॉबनेट, वकील नाहीस."

"सून आहे म्हणूनच दिसतं मला. तू बघतेस टीव्हीच्या आतून, मी बघते बाहेर तिच्या शेजारी बसून."

कॉन खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होता. एरवी अशा भांडणात तो बायकोच्या बाजूने घसा साफ करायचा, तेवढाच त्याचा पाठिंबा. आज तोही केला नाही. एकच बूट तो केव्हापासून घासत होता, आणि गॉबनेटला त्याचाही राग येत होता.

इतक्यात मागच्या दारातून नोनी आली, ॲप्रनच्या ओच्यात अंडी घेऊन. ती ठेंगणी, काटक बाई होती, आणि खोलीत काय चाललंय हे तिला खोलीत येण्याआधीच कळायचं. तिने अंडी एकेक करून वाडग्यात ठेवली, मग टेबलावरचा कोबी हातात घेऊन वजन केल्यासारखा तोलला.

"उद्या हाच शिजवायचा का?"

"तुला नको असेल तर नको, आई," डर्वला म्हणाली. पण म्हणताना तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो आवाजात उतरला.

"नको कशाला? कोबीच आहे, काही साप नाही. गॉबनेट, ते मोठं पातेलं काढून ठेव गं. सगळ्या वाडीला दिसायला हवं ना."

गॉबनेटने पातेलं काढलं ते असं आदळलं की कोंबड्या अंगणात पांगल्या. डर्वलाला हायसं वाटलं. आई आपल्या बाजूला आली, आता भावजयीने कितीही आदळआपट करावी. तेवढ्यात कॉनने बूट खाली ठेवला.

"डर्वला," तो म्हणाला, "जरा गोठ्यात ये माझ्याबरोबर."

गोठ्यात दूध काढायची वेळ झाली होती. कॉनने यंत्र सुरू केलं नाही. नुसता गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तो डर्वलापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि लांबलचक बोलायचं असलं की त्याला काहीतरी धरायला लागायचं.

"थेडी आजोबा आठवतात तुला?"

"दाढी आठवते. पेपरमिंटचा वास आठवतो. का?"

"जेवताना आठवतात?"

"टेबलाच्या टोकाला बसायचे. सगळ्यांत शेवटी उठायचे. म्हातारं माणूस, हळूहळू जेवायचं."

"साठीचे होते," कॉन म्हणाला. "आज मी आहे तेवढे. मी हळू जेवतो?"

डर्वलाने नकारार्थी मान हलवली.

"घोडीने लाथ मारली होती त्यांना. तू जन्मायच्या आधी. जबडा मोडला तो नीट बसलाच नाही. दाढी वाढवली ती त्यासाठी. चावता यायचं नाही त्यांना, काहीच. आईने आधी त्यांचं वेगळं मऊ शिजवलं, तर ताट सरकवून उठून गेले. नातवासमोर बाळाचं खाणं खायचं नाही म्हणाले. उपाशी राहिले. या परगण्यातला सगळ्यांत ताठ माणूस, रानटी घोडे वठणीवर आणणारा. मग आईने दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचंच तसं शिजवायला सुरुवात केली. कोबी, बटाटे, मांस, झाडून सगळं. म्हणजे टेबलावर कुणाचं ताट वेगळं दिसायला नको. ते जेवायला लागले."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही सांगितलं. मी एकदा जेवताना कडक पाव मागितला, तर बाबांनी इथे आणून दोन लगावल्या आणि मग कारण सांगून शपथ घातली. तू कधी काही मागितलंच नाहीस. तू नुसती नावं ठेवायचीस."

"आणि आजोबा गेल्यावर?"

"ते गेले तेव्हा तू फ्रान्सला होतीस. त्यानंतर आईच्या हातचा कोबी तू खाल्लास कधी? सुट्टीला आलीस की चूल तुझ्या ताब्यात. आईला बाजूला बसवून तिला शिकवायचीस, लोणी कसं घालायचं ते." त्याने गाईच्या पाठीवरून हात काढला. "चांगली सुगरण आहे गं ती. शेजारच्या जेरी डॅनला विचार, गॉबनेटला विचार."

इतक्या वर्षांत डर्वलाने या गोष्टीवर इमला रचला होता, आठ पुस्तकं लिहिली होती, आणि पायाखाली एक माणूस गाडलेला होता हे तिच्या गावीही नव्हतं. तिला भावाचा संताप आला.

"पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशीच का नाही फोन केलास मला?"

"उचलला होता फोन. आईने हात धरला माझा. म्हणाली, हसतील त्यांचे दात दिसतील. मला सोसतं. आजोबा आता थडग्यात आहेत, त्यांनी कुठे तोंड लपवायचं?"

"मग आज का सांगितलंस?"

"कारण आजवर तू कोबीबद्दल नुसतं बोलत होतीस," कॉन म्हणाला. "उद्या तिला तो इथे, याच चुलीवर, शिजवायला लावणार आहेस."

डर्वला गोठ्यातून तडक ऑर्लाकडे गेली आणि कोबीचं दृश्य नको म्हणून सांगितलं. ऑर्लाने फोन खिशात टाकला. पोरगी तिशीची होती, पण तिच्या नाकाला बातमीचा वास डर्वलाच्याही आधी यायचा.

"कोबी नाही तर तास नाही, डर्वला. वाहिनीने कोबी विकत घेतलाय, तुला नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

"दुसरं काहीतरी करू. मी अंडी करते, सॉसेजेस करते. आईशी गप्पा मारते."

"सकाळी तुला हवं होतं, आता नको. मध्ये काय झालं?" ऑर्ला तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिली. "काहीतरी आहे. कोबीमागे काहीतरी आहे, हो ना? मग तेच सांग की कॅमेऱ्यासमोर. आई शेजारी उभी, तू खरं काय ते सांगतेस, माफी मागतेस. नाताळला अख्खा देश रडेल. एका तासाचं सोड, तुला जन्मभर पुरेल ते."

आणि वाईट हे की तिचं बरोबर होतं. डर्वलाला ते दृश्य डोळ्यांसमोर दिसलं, कॅमेरा कुठे असेल, आईचा हात आपण कधी धरायचा, गप्प किती क्षण राहायचं. टीव्हीवर आयुष्य काढलेल्या बाईला हे आपोआप दिसतं. खरं सांगितलं की आईवरचा कलंकही पुसला जाईल, आणि आपलंही बुडतं तारू वर येईल. यात वावगं काय? तिने मनाला तीनतीनदा विचारलं, आणि मन प्रत्येक वेळी जरा जास्तच घाईने म्हणालं, काहीच नाही.

नोनी पुढच्या खोलीत वेदीच्या कापडाला इस्त्री करत होती. टेबल दोन खुर्च्यांवर चढवून वेदी तयार होती, मेणबत्त्या लागायच्या बाकी होत्या. डर्वला दार लावून आत आली.

"कॉनने सांगितलं मला."

इस्त्री क्षणभर थांबली, मग पुढे सरकली. "त्याला बूट पुसायला बसवलं तेव्हाच कळलं मला. जास्त वेळ बसला की तो बोलतो."

"आई, मला उद्या हे सगळ्यांना सांगू दे. कॅमेऱ्यासमोर. इतकी वर्षं लोक तुला हसले. तू काय केलंस ते कळू दे त्यांना."

"नाही."

"पण ही काही लाजेची गोष्ट नाही. आजच्या काळात कुणी—"

"तुझ्या काळात नसेल. ती तुझ्या आजोबांची होती. त्यांनी ती माझ्याजवळ ठेवली. तू कोण वाटणारी?"

"वाडीला तर माहीतच आहे ना? जेरी डॅनला माहीत असणार."

"वाडीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," नोनी म्हणाली. "या वाडीतल्या कुठल्याच घरात त्यांच्यासमोर कुणी कधी कडक बिस्किट ठेवलं नाही. लग्न असो, मयत असो, थेडी टूमी आले की टेबलावर आधी मऊ केक यायचा, आणि घरातला धनी आधी तोच उचलायचा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तुझा कार्यक्रम लागला की तेच लोक तुझ्या विनोदाला हसतात. हसले नाहीत तर पोरं विचारतील, का नाही हसलात."

डर्वला खुर्चीवर बसली. सगळी वाडी आपल्या विनोदांना का हसत होती, हे तिला आज कळत होतं. आपल्या कौतुकाने हसत नव्हती.

"तर मग मी नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "कोबी नाही, तास नाही, काही नाही. गेलं तर जाऊ दे सगळं."

"आणि वर्तमानपत्रवाले विचारतील, नोनीच्या कोबीवरून डर्वलाचं काय बिनसलं. ती तुझी गमबूटवाली तर आत्ताच वाडीभर विचारत फिरेल. झाकली मूठ आहे पोरी. मूठ झाकलेली आहे हेच तू जगाला दाखवायला निघालीस."

"म्हणजे मी उद्या परत तेच करायचं? तुझ्या तोंडासमोर?"

नोनीने कापड उचलून उजेडात धरलं, सुरकुती शोधली, सापडली नाही. तिचा आवाज मऊ झाला, पण तेवढाच. "तू इतकी वर्षं केलंस ते न कळता केलंस. त्याचा मला कधी राग आला नाही असं नाही. आला. रविवारी रात्री खूपदा आला. पण न कळता केलेलं सोपं असतं. उद्या कळून करायचं आहे, ते जमतंय का बघ."

सकाळी मिस्सा झाली. शेजारी नव्या रंगाच्या वासात गुडघे टेकून बसले, फादर केलिहर यांनी घरातल्या हयात आणि मृत माणसांसाठी प्रार्थना केली, आणि मृतांची नावं घेताना थेडीचंही नाव घेतलं. डर्वलाने मान वर केली तेव्हा पलीकडे जेरी डॅन डोळे मिटून पुटपुटत होता. नव्वदीचा तो शेजारी थेडीबरोबर जत्रेला घोडे नेत असे. मग न्याहारी झाली. फादरांना आणि जुन्या लोकांना पुढच्या खोलीत उकडलेली अंडी, बाकीच्यांना स्वयंपाकघरात सॉसेजेस आणि तपकिरी पाव. गॉबनेट किटली घेऊन फिरत होती आणि नणंदेकडे बघत नव्हती. काल संध्याकाळपासून कॉन तिच्याशी तीन वाक्यं बोलला होता, आणि त्यांपैकी एकानेही तिचं समाधान झालं नव्हतं.

न्याहारी उरकत आल्यावर कॅमेरे स्वयंपाकघरात आले. दिवे लागले. सगळी मंडळी चुलीभोवती गोळा झाली, फादरसुद्धा हातात चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. पातेल्यात पाणी उकळत होतं. नोनीने नवं निळं स्वेटर घातलं होतं आणि कोबी चिरून आत सोडला होता. ऑर्लाने बोट वर केलं.

"नमस्कार," डर्वला म्हणाली. आवाज ओळखीचा, उबदार, जसा हवा तसा आला. "आज मी माझ्या घरी आहे. ही माझी आई, नोनी. आणि या पातेल्यात आहे तो..."

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. समोर वाडीचे चेहरे हसायला तयार होऊन उभे होते, जेरी डॅनचा सुद्धा, आणि तो तयारपणा बघूनच ती थांबली. तिने पुन्हा तोंड उघडलं. शब्द आला नाही. पाणी उकळत राहिलं. ऑर्ला पुढे झुकली, तिच्या डोळ्यांत चमक आली, आता ही बोलणार म्हणून. कॉन मागे भिंतीला टेकला होता, तो सरळ झाला. गॉबनेटची किटली हवेतच राहिली.

नोनीने मुलीकडे बघितलं. एखाद्याला घास गिळवत नाही हे सगळ्यांच्या आधी कळावं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत सावरावं, असं तिने बघितलं. मग तिने काट्याने पातेल्यातलं एक पान उचललं, कॅमेऱ्याकडे धरलं आणि मान हलवली.

"अजून कच्चा आहे," ती म्हणाली. "फादर, तुम्ही आणखी एक मिस्सा म्हणाल का? तोवर होईल."

आधी जेरी डॅन हसला. त्याच्या मागोमाग सगळी वाडी हसली. फादर केलिहर यांचा चहा बशीत सांडला. ऑर्लाने दोन्ही हात तोंडावर दाबले, कारण इतकं चांगलं तिला लिहूनही सुचलं नसतं, आणि नाताळचा तास, पुढची मालिका, सगळं त्या एका वाक्यात पदरात पडलं होतं. कॅमेरा नोनीवरून हळूच डर्वलाकडे वळला.

दारात एक बाई तेवढी हसत नव्हती, ती म्हणजे गॉबनेट. ती नणंदेकडे टक लावून बघत होती, आता ही काय करते म्हणून. थेडी गेल्यावर ती लग्न होऊन या वाडीत आली होती; तिला काही माहीत नव्हतं, आणि उद्या ती विचारणार होती.

डर्वलाने आईच्या खांद्यावर हात टाकला आणि ती हसली, खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, त्या खोलीत सगळ्यांपेक्षा मोठ्याने.